आजारी आहे, कामाला जाऊ की नको? सोलापुरातल्या कामगार-नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉवेलच्या कारखान्यात टाइम ऑफिसला बसून मी बरीच वर्षं हजेरी मांडली. पहिल्या शिफ्टच्या आधी फोन वाजला की पलीकडचा माणूस तीनपैकी एक असायचा. एक खरंच आजारी. दुसरा लग्नाला निघालेला. तिसरा चांगलाच आजारी असूनही "येतो साहेब, फक्त थोडा उशीर होईल" म्हणणारा. कारखान्याचं सगळ्यात जास्त नुकसान या तिसऱ्यामुळे व्हायचं आणि त्याचं स्वतःचंही व्हायचं. खालचे बहुतेक प्रश्न त्या फोनांतूनच आले आहेत. काही दुकानांतले आणि ऑफिसांतले आहेत, काही घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे.

सकाळी अंग मोडून आलंय. जायचं की नाही हे ठरवायचं कसं?

"जमेल का?" असं स्वतःला विचारू नका. त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी "जमेल" असंच येतं, कारण दुखणं अंगावर काढायचा आपल्याला भारी अभिमान. त्यापेक्षा हे विचारा: माझ्यामुळे शेजारच्याला लागण होईल का? आज माझ्या हातून काम बिघडेल किंवा मशीनमध्ये हात जाईल का? आज रेटून नेलं तर दोन दिवसांचं दुखणं आठ दिवसांवर जाईल का? एकाचं जरी उत्तर "हो" आलं तरी घरी थांबा. तिन्हीला "नाही" आलं तर चहा घ्या आणि निघा. कंटाळा हा आजार नव्हे.

एकच दुखणं प्रत्येक कामाला वेगळं लागतं, हे मात्र ध्यानात ठेवा. घसा बसलाय, ताप नाही: कापड तपासणाऱ्या मुलीचं काही अडत नाही, पण नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्याचं आणि शाळेतल्या बाईंचं सगळंच अडतं. पाय मुरगळला तर हिशेबनीस खुर्चीवर बसून दिवस काढेल. मागावर आठ तास उभं राहणारा काढू शकत नाही. बोटाला पिकलेली जखम असली तर शिलाईवाला चिकटपट्टी लावून भागवेल, पण मेसमधल्या आचाऱ्याने त्या हाताने कणीक मळायची नाही. म्हणून "तो तापात आला होता, मग तुला काय धाड भरली?" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. तो काय काम करतो ते आधी बघा.

आणि शक्यतो रात्रीच ठरवा. पहाटे साडेपाचला, डोकं ठणकत असताना आणि घरच्यांचा डबा भरून तयार असताना घेतलेला निर्णय सहसा चुकतो.

ताप किती असला की घरी थांबायचं?

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आला की तो ताप. हात लावून "कोमट लागतंय" हे माप नव्हे. घरात थर्मामीटर नसेल तर आणा, फार महाग नसतो.

गोळी घेऊन उतरलेला ताप म्हणजे गेलेला ताप नाही. पॅरासिटामॉलचा असर चार-सहा तास टिकतो, आणि नेमका शिफ्टच्या मध्यावर माणूस थरथरायला लागतो. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही की मग कामावर जायचं.

आपल्याकडे आणखी एक चाल आहे: सकाळी दवाखान्यात एक सलाईन "मारून" दुसऱ्या शिफ्टला हजर व्हायचं. तोंडाने पाणी जात असेल तर साध्या तापाला सलाईनची गरज नसते. त्यातून मिळतं ते पाणी, मीठ आणि साखर. विश्रांती त्या बाटलीत नसते.

नुसती सर्दी आहे. त्यासाठी रजा टाकली तर हसतील ना?

हसतील, आणि साध्या सर्दीला थोडं बरोबरही आहे. ताप नाही, अंगात त्राण आहे, तर तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून जा. फ्लूचं तसं नाही. त्यात अंगदुखी आणि ताप एकदम येतात आणि सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत लागण सगळ्यात जोरात होते. तेव्हा घरीच.

सर्दीपेक्षा सर्दीच्या औषधाची काळजी जास्त करा. सेटिरिझिन आणि क्लोरफेनिरामीन असलेल्या गोळ्या-सिरपने झोप येते. ते घेऊन मागावर, कटिंग मशीनवर, रिक्षाच्या किंवा ट्रकच्या स्टिअरिंगवर बसायचं नाही. दुकानदाराकडून औषध घेताना "याने झोप येते का?" एवढं विचारा.

डोळे आलेत, बाकी ठणठणीत आहे. गॉगल लावून जाऊ का?

नको. गॉगलने डोळे झाकतात, लागण थांबत नाही. ती हातातून, रुमालातून, सामाईक टॉवेलातून जाते. गारमेंटच्या युनिटमध्ये एका टेबलावर कापड एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तिथे एकाचे डोळे आले की आठवड्यात निम्मी लाइन लाल डोळ्यांनी बसलेली दिसते. पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी राहा. कांजिण्यांना तर विचारच नाही: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत बाहेर पडायचं नाही. कामावर कोणी गरोदर बाई असेल तर हे आणखीनच कडक पाळा.

जुलाब होताहेत. दुपारपर्यंत थांबतील, मग जाऊ?

तुम्ही हॉटेलात, मेसमध्ये, बेकरीत किंवा चहाच्या गाड्यावर काम करत असाल तर शेवटचा जुलाब होऊन ४८ तास झाल्याशिवाय जाऊ नका. बाकीच्यांनी अंगात शक्ती आल्यावर जावं. घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पीत राहा. चमचा चहाचा, मोठा नव्हे. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा उलटीमुळे पाणीही ठरेना, तर दवाखाना गाठा.

डेंगीचा ताप काल उतरला. आज हलकं वाटतंय. जाऊ का?

या प्रश्नाला मी थोडा वेळ घेतो, कारण इथेच माणसं फसतात.

बाकीच्या बहुतेक तापांत ताप उतरला की माणूस सुटला. डेंगीत तसं नाही. ताप सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात तो उतरतो, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. त्या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब घसरू शकतो. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा बेचैनी यांतलं काहीही दिसलं की रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालयात. नेमक्या याच दिवशी माणूस "ताप गेला बुवा" म्हणून डबा घेऊन निघतो.

तेव्हा ताप उतरल्यावर किमान दोन दिवस घरीच, आणि डॉक्टरांनी रक्त तपासून "जा" म्हटल्यावरच कामावर. नंतरही दोन-तीन आठवडे थकवा राहतो. तो आळस समजून मुकादमाने टोमणे मारू नयेत. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. जाता जाता: घरचे लोक सगळा वेळ प्लेटलेटचा आकडा मोजत बसतात आणि पेशंटने सकाळपासून किती पाणी प्यायलं, किती वेळा लघवीला गेला, हे कोणालाच माहीत नसतं. त्याकडे आधी बघा.

डेंगी एका माणसाकडून दुसऱ्याला थेट होत नाही, डासामार्फत होतो. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी पिंप, हौद, टाक्या भरलेल्या, आणि हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. तो दिवसा चावतो. तापाच्या दिवसांत दुपारीही मच्छरदाणीत झोपा, नाहीतर तुम्हाला चावलेला डास घरातल्याच दुसऱ्याला आजारी पाडेल.

एप्रिल-मे मध्ये शेडमध्ये चक्कर येते. हा आजार धरायचा का?

धरायचा. पारा ४२-४३ च्या पुढे गेलेला, वर पत्रा, आणि डाइंग-सायझिंगला (सूत रंगवायच्या आणि खळ द्यायच्या खात्यात) वाफ. अशा शेडमध्ये डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम आणि चक्कर ही उष्माघाताच्या आधीची पायरी असते. लगेच काम थांबवा, सावलीत बसा, मिठा-साखरेचं पाणी किंवा मठ्ठा घ्या, अंगावर ओलं फडकं फिरवा. तासाभरात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा वाफेत जायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंग जड असेल तर रजा टाका. एकदा ऊन लागलेल्या माणसाला लगेच पुन्हा लागतं.

माणूस बरळायला लागला, ओळख देईना, अंग भाजल्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा, पंखा लावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवत बसण्यात वेळ घालवू नका.

खोकला जातच नाही. रोज जातोय कामावर. चालेल?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा. सिव्हिल हॉस्पिटलात आणि महापालिकेच्या दवाखान्यांत क्षयरोगाची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयात नियमित गोळ्या सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. कामावर परत कधी जायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. नोकरी सोडायची काही गरज नाही, आणि लपवायची तर त्याहून नाही.

सूतगिरणीत ब्लोरूम किंवा कार्डिंगला (कापूस मोकळा करायच्या, पिंजायच्या खात्यात) असाल तर आणखी एक खूण सांगतो. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि पुढच्या दिवसांत ते हळूहळू कमी होतं. लोकांना वाटतं, सुट्टीत ऊठबस नाही म्हणून असं होत असेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची ती पहिली पायरी असू शकते, आणि कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्यात त्याची नोंद आहे. डॉक्टरांना तुमचं खातं आणि किती वर्षं तिथे आहात ते आवर्जून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या विडीवाल्या बायकांनीही कामाबद्दल सांगायला विसरू नये.

कळवायचं कधी, कोणाला आणि कसं?

शिफ्टच्या किमान दोन तास आधी, आणि ज्याला तुमची जागा भरायची आहे त्याला. बहुतेक लोक इथेच घोळ घालतात: शेजारच्या कामगाराला "सांग रे साहेबांना" म्हणतात, तो विसरतो, आणि मस्टरवर खाडा पडतो. निरोप पाठवायचाच असेल तर त्याच्या जोडीला सुपरवायझरला स्वतःही एक मेसेज टाका. आधी फोन, उचलला नाही तर मेसेज. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. तिथे सकाळी सहा वाजता पन्नास "शुभ सकाळ" येतात, त्यात तुमचा ताप वाहून जातो.

मेसेज कसा असावा? आजाराचं वर्णन एका वाक्यात, कामाचं नीट. उदाहरणार्थ:

"नमस्कार साहेब. रात्रीपासून ताप आहे, १०२ होता. आज पहिल्या शिफ्टला येणार नाही. माझ्या डाव्या मागावर ताणा सारखा तुटतोय, बदलीवाल्याला सांगा. दवाखान्यात जाऊन येतो, उद्याचं संध्याकाळी कळवतो."

असा मेसेज आला की मला दुसरं काही विचारावं लागत नसे. ऑफिसातही तसंच:

"मॅडम, आज बरं नाही, किरकोळ रजा घेते आहे. आज भरायच्या चलनाचे कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत. दुपारी चारनंतर फोनवर बोलू शकेन."

कण्हत, आवाज खोल करून फोन करायची गरज नाही. खरा आजारी माणूस सहसा सरळ बोलतो. आणि बायकोला किंवा आईला फोन करायला लावू नका. तुम्ही बोलू शकत नसाल इतके आजारी असाल तर गोष्ट वेगळी.

काय झालंय ते सांगावंच लागतं का?

नाही. "तब्येत बरी नाही, डॉक्टरांकडे जातोय" एवढं पुरतं. मूळव्याध, पाळीचं दुखणं, गर्भपात, मनाचा आजार यांतलं काही सगळ्या खात्याला कळायची गरज नसते. अपवाद एकच: दुसऱ्याला होऊ शकेल असा आजार असेल तर सांगा, म्हणजे बाकीचे जपतील.

पाळीच्या दुखण्यासाठी खासगी नोकरीत वेगळी रजा देणारा कायदा महाराष्ट्रात नाही, त्यामुळे किरकोळ रजाच वापरावी लागते. दर महिन्याला उठवत नाही इतकं दुखत असेल तर मात्र ते "बायकांचं असतंच" म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

डॉक्टरचं सर्टिफिकेट एका दिवसासाठीही लागतं?

बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांना कोणी मागत नाही, त्यापुढे मागतात. तुमच्या आस्थापनेचा नियम कामावर लागतानाच विचारून ठेवा. सर्टिफिकेट आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच घ्या. बरे झाल्यावर जाऊन "मागची तारीख टाका ना डॉक्टर" म्हणणं म्हणजे त्यांना खोटं लिहायला सांगणं, आणि टाइम ऑफिसला ते कळतं. शाई एक, सही एक, तारखा तीन आठवड्यांच्या, असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) लाभ हवा असेल तर त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला लागतो.

रजा मिळते किती? पगार कापला जातो का?

तुम्ही कुठे काम करता त्यावर आहे.

दुकानं, हॉटेलं, खासगी ऑफिसं: महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्या आस्थापनांना लागू होतो तिथे वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती तिमाहीच्या हिशेबाने जमा होते आणि वर्षअखेर संपते. आजारपणाची अशी वेगळी रजा त्या कायद्यात नाही, म्हणून ताप आणि भाचीचा साखरपुडा दोन्ही याच आठांत बसवायचे असतात. माझा सल्ला: दोन-तीन तरी पावसाळ्यासाठी राखून ठेवा. जमा होईल तशी लगेच संपवणारे लोक सप्टेंबरात ताप घेऊन काउंटरवर उभे असतात. लहान दुकानांना हा कायदा लागू नसतो. तिथे मालकाच्या मर्जीवर.

सरकारी नोकरी: वर्षाला ८ नैमित्तिक रजा, शिवाय २० दिवस अर्धवेतनी. वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण पगार मिळतो, पण तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. सरकारी मंडळींना हे तोंडपाठ असतं, त्यामुळे इथे थांबतो.

कारखाना: पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात आजारपणात सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. अट अशी की आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. क्षयासारख्या लांबलेल्या आजारांत, नोकरीच्या अटी पूर्ण होत असतील तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंतही लाभ मिळू शकतो.

यातली मेख कोणी सांगत नाही ती ही: आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ही दोन दिवसांची अट नाही. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला ईएसआयचा पैशाच्या दृष्टीने काही उपयोग नाही, आणि लोक तापात कामावर येतात त्याचं मोठं कारण हेच आहे. पण आजार लांबेल असं वाटलं तर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करा. चौथ्या दिवशी गेलात तर मोजणी तिथून सुरू होते.

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का ते आज बघा. कपात होत असून कार्ड हातात नसेल तर टाइम ऑफिसला विचारा. ते तुमचंच आहे.

माझं काम रोजंदारीवर आहे. खाडा म्हणजे मजुरी बुडाली. मला हे सगळं कसं परवडणार?

खरं आहे, आणि याला गोड उत्तर नाही. पीस रेटवर माग चालवणारा, गवंड्याच्या हाताखाली जाणारा, घरी हजार विड्या वळल्या तरच हजाराचे पैसे मिळणारी बाई, यांना "विश्रांती घ्या" म्हणणं सोपं आहे. विडीवालीची तर आणखी अडचण: तिचं कामाचं ठिकाण म्हणजे तिचंच घर, त्यामुळे तापातही सूप मांडीवरच असतं. "बसल्या बसल्या तर करायचंय" असं घरचेच म्हणतात.

जमेल तेवढं सांगतो. बुडालेली मजुरी आणि आजार लांबल्यास बुडणारी मजुरी, दोन्ही मांडून बघा. फ्लूमध्ये दोन दिवस पडून राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला वेग येतो. रेटलंत तर आठवडाभर निम्माच माल निघतो, वर दवाखान्याचं बिल. मागवाल्यांमध्ये आपली बदली आपणच ठरवायची पद्धत आहे. ती आजारी पडण्याआधी ठरवून ठेवा: तू माझा माग बघ, मी तुझा बघतो. अशी जोडी असली की मालकही कुरकुरत नाही. उचल घेतलेली असेल तर आजारपणाच्या आठवड्यात हप्ता कापू नका असं आधीच बोलून ठेवा. पडल्यावर बोललं की ती विनवणी होते. विडी कामगार बायकांनी आपला भविष्य निर्वाह निधी जमा होतो का आणि ओळखपत्र चालू आहे का ते बघावं. आणि तपासणी, औषधं यांसाठी आधी सिव्हिल. खासगीत पहिल्याच दिवशी तीन-चार दिवसांची मजुरी जाते.

पैशाची ओढ कितीही असली तरी छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं आणि शुद्ध हरपणं यांत कामाचा हिशेब करायचा नाही. १०८.

"येणार नसशील तर कायमचा येऊ नकोस," असं मालक म्हणाला. आता?

ईएसआयचा आजारपणाचा लाभ चालू असताना त्या कारणावरून कामगाराला काढता येत नाही. त्यासाठी तो दाखला वेळेवर घेतलेला असणं गरजेचं. बाकीच्यांनी मेसेज जपून ठेवावेत, रागाने उत्तर देऊ नये, आणि गरज पडली तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा युनियनकडे जावं. बहुतेक वेळा मात्र हे वाक्य सकाळच्या घाईतलं असतं आणि दुपारी मालकच विचारतो, "कसा आहे रे ताप?"

ताप नाही, खोकला नाही. पण उठावंसं वाटत नाही, कामावर जायचं म्हटलं की धडधडतं. याला रजा घेता येते?

येते. "तब्येत बरी नाही" हे वाक्य इथेही खरंच आहे. एखाद्या दिवसाचं असेल तर झोप काढा. दोन आठवडे रोज असंच असेल, भूक-झोप गेली असेल, तर एका रजेने भागणार नाही. सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखवा किंवा १४४१६ या टेली मानस क्रमांकावर बोला. फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जगायलाच नको असे विचार येत असतील तर वाट न बघता आजच बोला.

मूल आजारी आहे. मीच आजारी आहे असं सांगू का?

नको. "मुलाला ताप आहे, घरी दुसरं कोणी नाही" हे सरळ सांगा. बहुतेक सुपरवायझर स्वतः बाप किंवा आई असतात. एकदा खोटं सांगितलं की पुढच्या आठवड्यात मुलाचा ताप तुम्हाला लागतो तेव्हा काय सांगणार?

मी पुण्याच्या कंपनीचं काम सोलापूरहून घरी बसून करतो. मला आजारी रजेची गरज काय?

तुम्हाला तर जास्तच. लॅपटॉप उशाशी घेऊन तापात मीटिंगला "हो, हो" करणं ही रजाही नाही आणि कामही नाही. रजा टाका, स्टेटस बदला, बंद करा.

गड्ड्याच्या दिवसांत खरंच आजारी पडलो तर कोण विश्वास ठेवणार?

कोणी नाही! जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली की अर्ध्या शहराची पोटं दुखतात, हे प्रत्येक टाइम ऑफिसला माहीत आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जायचं असेल तर महिनाभर आधी रजा मागा. "साहेब, मिरवणुकीला जायचंय" म्हणणाऱ्याला मी शक्यतो नाही म्हटलं नाही; साहेब स्वतःही तिथेच असतात. वर्षभर खरं बोलणाऱ्याचा संक्रांतीचा तापही खरा धरला जातो. बाकीच्यांनी दवाखान्याचा कागद तयार ठेवावा.

रजा टाकली आणि दुपारी बरं वाटायला लागलं. आता घराबाहेर पडलो तर कोणी बघेल?

बघेलच, हे सोलापूर आहे. सात रस्त्याला मेडिकलमध्ये उभे दिसलात तर काही बिघडत नाही, भाजी आणायला गेलात तरी नाही. आजारी माणसाने खाटेला खिळून राहावं असा नियम नाही. सिनेमाचा मात्र फोटो टाकू नका. दुपारनंतर हाफ डे भरायला धावत जाऊ नका, ताप संध्याकाळी पुन्हा चढतो. सहा-सातच्या सुमारास मात्र फोन करून उद्या येणार की नाही ते नक्की कळवा, कारण दुसऱ्या दिवशीचे माग कोणाला द्यायचे ते सुपरवायझर रात्रीच ठरवून टाकतो.